जुनी उपकरणे, निर्लेखन आणि महाविद्यालयीन सेवकवर्गाचे सुरक्षा-शिक्षण

महाविद्यालयातील सुरक्षितता म्हटली की वाळूने भरलेल्या तांबड्या बादल्या, अग्निशामक नळकांडे, प्रथमोपचाराची पेटी आणि भिंतीवरील सूचनांची पाटी एवढ्या वस्तू डोळ्यांपुढे येतात. त्या हव्यातच. प्रयोग चालू असताना आम्ल अंगावर सांडणे, बाष्प पेटणे, विजेचा धक्का बसणे असे जे अपघात होतात त्यांच्यासाठी ही तयारी असते, आणि त्या वेळी जवळपास कोणी तरी जाणता माणूस उभा असतो. परंतु प्रयोग संपल्यानंतर आणि प्रयोग करणारा निघून गेल्यानंतर ज्या वस्तू मागे उरतात, त्यांच्यापासूनही धोका संभवतो. हा धोका पुष्कळदा अशा माणसाच्या वाट्याला येतो की, ज्याने त्या महाविद्यालयाची पायरीही कधी चढलेली नसते.

सेवकवर्गाच्या सुरक्षा-शिक्षणात या दुसऱ्या प्रकारच्या धोक्याला फार थोडी जागा मिळते. ती अधिक का मिळावयास हवी, हे समजण्यासाठी दिल्ली येथे 2010 मध्ये घडलेली घटना तपशिलाने पाहणे उपयुक्त ठरेल.

एक उपकरण आणि त्याचे आयुष्य

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाकडे 1968 पासून गॅमासेल 220 नावाचे एक उपकरण होते. ते कॅनडात तयार झालेले होते. गॅमा किरणांचा पदार्थांवर काय परिणाम होतो, कोणते रेणू तुटतात आणि तुटलेल्या भागांतून कोणते नवे रेणू जुळतात, याचा अभ्यास करण्यासाठी अशी उपकरणे जगभरच्या प्रयोगशाळांतून वापरली जात. त्याची रचना कल्पक असली तरी गुंतागुंतीची नाही. शिशाच्या एका अतिशय जाड कवचाच्या मध्यभागी कोबाल्ट-60 या किरणोत्सर्गी द्रव्याच्या सळया पिंजऱ्यासारख्या वर्तुळाकार मांडलेल्या असतात. तपासावयाचा पदार्थ एका खणात ठेवून तो खण खाली सोडला की पदार्थ त्या पिंजऱ्याच्या मधोमध जाऊन पोहोचतो. ठरलेली वेळ संपताच खण वर येतो. सळया आपल्या जागेवरून हलत नाहीत. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला शिशाची भिंत सुरक्षित ठेवते.

कोबाल्ट-60 पासून निघणाऱ्या गॅमा किरणांची तीव्रता निम्म्यावर आणण्यास सुमारे सव्वा सेंटिमीटर जाडीचे शिसे लागते. असे दहा थर एकावर एक ठेवले तर तीव्रता हजारांत एक भाग उरते, आणि वीस थर ठेवले तर दहा लाखांत एक. म्हणूनच असे उपकरण कित्येक टन वजनाचे असते. त्याचे जवळजवळ सारे वजन शिशाचे असते. ज्या द्रव्यासाठी हा खटाटोप करावयाचा ते मूठभरच असते. या विषम प्रमाणाचा पुढील हकिकतीशी निकटचा संबंध आहे.

विद्यापीठात हे उपकरण 1985 नंतर वापरले गेले नाही. आता, वापरात नसलेले यंत्र म्हणजे निर्जीव यंत्र, अशी सर्वसामान्य समजूत असते, आणि पंखा, पंप किंवा क्ष-किरण यंत्र यांच्या बाबतीत ती खरीही आहे. विजेची तार काढून घेतली की क्ष-किरण यंत्रातून किरण निघत नाहीत. कोबाल्टचे तसे नाही. त्याला तार नाही आणि कळही नाही. त्याचे अणू स्वतःच्या स्वभावानुसार फुटत राहतात. खोलीला कुलूप लावले काय किंवा उघडे ठेवले काय, त्यांना त्याची वार्ता नसते. कोबाल्टचे निकेलमध्ये रूपांतर होत असताना प्रत्येक वेळी दोन तीव्र गॅमा किरण बाहेर पडतात.

हे फुटणे कालांतराने मंदावते, हे खरे. कोबाल्ट-60 चा अर्धायुकाल सुमारे 5.27 वर्षांचा आहे, म्हणजे तेवढ्या काळात त्याची क्रियाशीलता निम्मी होते. 1968 ते 2010 या बेचाळीस वर्षांत जवळजवळ आठ अर्धायुकाल उलटतात. त्यामुळे मूळच्या क्रियाशीलतेचा सुमारे अडीचशेवा अंश शिल्लक राहतो. हजार भाग असतील तर चार. ‘चारच भाग’ असे वाचून पुष्कळांना दिलासा वाटेल. परंतु गॅमासेलसारख्या उपकरणात आरंभी भरलेली मात्राच इतकी मोठी असते की तिचा अडीचशेवा अंशही उघड्यावर आला असता माणसाचा जीव घेण्यास पुरतो. जुने झाले म्हणजे निरुपद्रवी झाले, हा हिशेब येथे लागू पडत नाही.

लिलाव

26 फेब्रुवारी 2010 रोजी हे उपकरण इतर निरुपयोगी सामानाबरोबर लिलावात विकले गेले. घेणारा भंगाराचा व्यापारी होता, आणि ते पश्चिम दिल्लीतील मायापुरी या मोठ्या भंगार-बाजारात पोहोचले. भंगारवाल्याच्या दृष्टीने त्यात मोलाची वस्तू म्हणजे शिसे. जे कवच माणसांचे रक्षण करीत होते त्यालाच बाजारात भाव होता. साहजिकच कवच सोलून काढण्यात आले. मार्च महिन्यात कामगारांनी ते उपकरण सुटे केले. आपण काय कापीत आहोत याची त्यांना कल्पना नव्हती. कोबाल्टचा स्रोत कापला जाऊन त्याचे अकरा तुकडे झाले. आठ तुकडे त्याच वखारीत पडून राहिले, दोन जवळच्या एका दुकानात गेले, आणि सर्वांत लहान तुकडा एका माणसाने आपल्या पैशांच्या पाकिटात ठेवला.

पाकिटातील तुकड्याचा अर्थ नीट समजावून घेतला पाहिजे. अंतर कमी होते तसतशी किरणांची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एक मीटर अंतरावर असलेला तुकडा एक सेंटिमीटरवर आणला तर त्या ठिकाणची तीव्रता शंभरपट नव्हे, दहा हजारपट होते. खिशातील पाकीट आणि शरीर यांच्यामध्ये तर कापडाचा एक पदरच असतो. शिवाय गॅमा किरण दिसत नाहीत, त्यांना वास नाही, आणि ते अंगातून जात असताना चटकाही बसत नाही. निखारा हातात धरला तर हात आपोआप मागे येतो. येथे शरीराकडून अशी कोणतीही सूचना मिळत नाही.

सूचना मिळते ती उशिरा. मोठी मात्रा शरीराला लागली असेल तर काही तासांत मळमळ आणि वांत्या सुरू होतात. पुढे त्या थांबतात, आणि रोगी बरा झाला असे वाटते. वस्तुतः याच काळात अस्थिमज्जेतील नव्या पेशी घडण्याचे काम बंद पडलेले असते. दोन-तीन आठवड्यांनी रक्तातील पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठविणाऱ्या बिंबिका घटू लागतात, केस गळतात, जंतुसंसर्गाला विरोध करण्याची शक्ती उरत नाही. तुकडा जेथे अंगाशी आला असेल तेथील कातडी लाल होते, फोड येतात, ती काळी पडते. ही चिन्हे भाजल्यासारखी दिसतात. परंतु आपण कशाने भाजलो हे रोग्याला सांगता येत नाही. डॉक्टरला संशय आला तरच निदान होते.

दिल्लीत असा संशय आला. 7 एप्रिल 2010 रोजी एका रुग्णालयाकडून अणुऊर्जा नियामक मंडळाला खबर मिळाली, आणि तज्ज्ञ मोजयंत्रे घेऊन मायापुरीत शिरले. भाभा अणुसंशोधन केंद्र, न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल यांची माणसे या कामी होती. लोखंडाच्या ढिगाऱ्यांतून बोटभर लांबीचे तुकडे हुडकून काढावयाचे आणि तेही जवळ फार वेळ न थांबता, असे ते काम होते. एप्रिलच्या मध्यापर्यंत स्रोत हाती लागले. ते शिशाच्या पात्रांतून नरोरा अणुविद्युत केंद्रात नेऊन ठेवण्यात आले. आठ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले होते. त्यांपैकी एक कामगार महिनाअखेरीस दगावला. आंतरराष्ट्रीय श्रेणीमापनात या घटनेला चौथी पायरी देण्यात आली. सातव्या पायरीवर चेर्नोबिल आहे, हे लक्षात घेता एका विद्यापीठाच्या अडगळीतून निघालेल्या वस्तूच्या मानाने ही पायरी पुष्कळच वरची आहे.

ही घटना एकमेव नव्हे. ब्राझीलमधील गोयानिया शहरात एका खासगी किरणोपचार संस्थेने 1985 च्या अखेरीस जागा बदलली, आणि जुन्या इमारतीत सीझियम-137 असलेले यंत्र तसेच राहिले. सप्टेंबर 1987 मध्ये भंगार शोधणाऱ्या दोघांनी त्यातील भाग काढून नेला. आतील चूर्ण अंधारात निळसर चमकत असे, म्हणून ते कौतुकाने घरोघरी वाटले गेले. चार जण मृत्युमुखी पडले, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. तेथेही यंत्र बिघडले नव्हते. त्याची माहिती असणारी माणसे आणि ते यंत्र यांची ताटातूट झाली होती, एवढेच.

नियम होता, तो पोहोचला नव्हता

किरणोत्सर्गी द्रव्यांच्या विल्हेवाटीसंबंधी भारत सरकारचे नियम 1987 पासून अस्तित्वात आहेत. अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना त्याहीपूर्वी, 1983 साली झाली. या मंडळाने दिल्लीच्या लिलावात 1987 च्या नियमांचा भंग झाल्याचे नमूद केले. पुढे पोलिसांनी काही प्राध्यापकांवर निष्काळजीपणाचा आरोपही ठेवला. जबाबदारी कोणाची, हे ठरविण्याचे काम न्यायालयाचे आहे. शिक्षणाच्या दृष्टीने विचार करणाऱ्याला मात्र दुसरा प्रश्न पडतो: नियम राजपत्रात छापला गेला, तो अडगळीच्या खोलीपर्यंत पोहोचावयाचा तर कोणाच्या मार्फत?

कोणत्याही महाविद्यालयात निरुपयोगी वस्तू बाहेर जाण्याचा मार्ग ठरलेला असतो. कचेरीच्या बोलीत जिला डेड स्टॉक रजिस्टर म्हणतात त्या जडवस्तू नोंदवहीत त्या वस्तूची ओळ असते. विभाग ती निरुपयोगी ठरवितो. समिती पाहणी करून निर्लेखनाची शिफारस करते. लेखा विभागातील कारकून घसारा वजा करून किंमत काढतो. भांडारपाल यादी तयार करतो. लिलाव पुकारला जातो. शिपाई आणि हमाल माल गाडीत चढवितात. या साखळीतील प्रत्येक जण आपले काम चोख करू शकतो आणि तरीही अनर्थ घडू शकतो. कारण कागदावर वस्तूचे नाव, खरेदीचे वर्ष आणि किंमत असते. ‘यात काय आहे’ हा रकाना नसतो. ते ज्याला ठाऊक होते तो प्राध्यापक निवृत्त झालेला असतो. चाळीस वर्षांत एका विभागातील माणसांची एक संपूर्ण पिढी बदलते, वस्तू मात्र तीच राहते. वस्तूचे आयुष्य माणसाच्या नोकरीहून मोठे असते, ही गोष्ट नोंदवहीच्या रचनेत कोठेच दिसत नाही.

म्हणून सुरक्षा-शिक्षण केवळ विज्ञानाच्या प्राध्यापकांना देऊन भागत नाही. वास्तविक त्यांना त्याची गरज सर्वांत कमी असते. कारकून, भांडारपाल, प्रयोगशाळा साहाय्यक, शिपाई, सफाई कामगार आणि पहारेकरी यांच्या हातांतून वस्तू जाते, आणि थांबविण्याची अखेरची संधी त्यांच्यापाशी असते. पण अशा वर्गाला त्यांना सहसा बोलावलेच जात नाही. बोलावले तरी भाषण इंग्रजीत होते आणि ते मागच्या रांगेत बसून चहाची वाट पाहतात.

काय शिकवावे

प्रथम खुणा. किरणोत्सर्गाचे परिचित चिन्ह म्हणजे मध्यभागी एक ठिपका आणि भोवती तीन पाती. ज्याला हे ठाऊक नाही त्याला ते पंख्यासारखे किंवा फुलासारखे दिसते, आणि त्यात भिण्यासारखे काही नाही. ही उणीव ओळखून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि आंतरराष्ट्रीय मानक संघटना यांनी 2007 मध्ये एक पूरक चिन्ह प्रसिद्ध केले. तांबड्या त्रिकोणात वर तीन पाती, त्यांतून निघणारे किरण, खाली कवटी आणि पळून जाणारा माणूस, असे ते आहे. अकरा देशांतील लोकांना नमुने दाखवून ते निवडण्यात आले. विशेष हा की हे चिन्ह उपकरणाच्या बाहेर नव्हे, तर आत, स्रोताच्या जवळ लावावयाचे असते, म्हणजे नेहमीच्या वापरात ते दिसत नाही. जो उपकरण सुटे करावयास निघाला आहे त्यालाच ते दिसते. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही ‘हे सोडून पळ’ एवढे कळावे असा त्याचा हेतू आहे. अर्थात 2007 पूर्वीच्या उपकरणांवर हे चिन्ह नसणार, आणि अडगळीतील वस्तू बहुधा त्यापूर्वीच्याच असतात. तेथे चिन्हावर विसंबता येत नाही. आकाराच्या मानाने अवाजवी जड असलेली कोणतीही वस्तू शिशाने भरलेली असण्याचा संभव आहे, हे हमालालाही सांगता येण्यासारखे आणि त्याला पटण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट अशी की जुने होणे हे नेहमी कमी धोक्याचे होणे नसते. काही वस्तू ठेवल्याने अधिक धोकादायक होतात. बहुतेक महाविद्यालयांत किरणोत्सर्गी उपकरण नसेल, परंतु रसायनशाळेचे कपाट सर्वत्र असते. पिक्रिक आम्ल पाण्याने ओलसर ठेवलेले असते तोवर ते हाताळता येते. बाटलीतील पाणी वर्षानुवर्षे उडत जाऊन ते कोरडे पडले की घर्षणाने किंवा धक्क्याने त्याचा स्फोट होऊ शकतो. झाकणाच्या आट्यांत अडकलेले कोरडे कण झाकण फिरविण्याच्या घर्षणानेच पेट घेऊ शकतात. ईथरचा हवेशी संबंध आला की त्यात हळूहळू पेरॉक्साइडे तयार होतात. आयसोप्रोपिल ईथर यात विशेष कुप्रसिद्ध आहे. बाटलीच्या तळाशी किंवा झाकणाभोवती स्फटिक दिसले तर ती बाटली उघडू नये, हलवूही नये. कपाट साफ करण्याची आज्ञा झालेला शिपाई मात्र नेमकी तीच बाटली प्रथम उचलतो, कारण ती सर्वांत घाणेरडी दिसते. यावर उपाय स्वस्त आहे: बाटली आली ती तारीख आणि उघडली ती तारीख, या दोन तारखा पेन्सिलीने तिच्या कागदावर लिहिणे. हे काम प्रयोगशाळा साहाय्यकाने करावयाचे आणि वर्षातून एकदा त्या तारखा वाचावयाच्या.

तिसरी गोष्ट निवृत्तीच्या दिवसाची. निरोपसमारंभात शाल आणि श्रीफळ दिले जाते, किल्ल्या परत घेतल्या जातात, ग्रंथालयाचे ‘येणे नाही’ असे पत्र मागितले जाते. त्याच यादीत आणखी एक कागद हवा: आपल्या ताब्यातील कोणत्या वस्तूत काय आहे, ती कोठे आहे आणि तिच्याविषयी आता कोणाला विचारावे. निवृत्त होणाऱ्याने हा कागद आपल्या जागी येणाऱ्याला, प्रत्यक्ष वस्तूपुढे उभे राहून, वाचून दाखवावा. जागा रिकामीच राहणार असेल तर प्राचार्यांना वाचून दाखवावा.

किरणोत्सर्गी स्रोत असलेल्या संस्थांसाठी 2004 च्या किरण-संरक्षण नियमांनुसार विकिरण-सुरक्षा अधिकारी असणे बंधनकारक आहे. वापरातून गेलेला स्रोत ज्याने पुरविला त्याच्याकडे परत पाठवावयाचा किंवा मान्यताप्राप्त केंद्राकडे सोपवावयाचा असतो, आणि त्यासाठी नियामक मंडळाची पूर्वपरवानगी लागते. हे मंडळ मुंबईत अणुशक्तिनगर येथे आहे. निर्लेखन समितीने यादीवर सही करण्यापूर्वी या अधिकाऱ्याची, तो नसेल तर विभागातील जाणत्या व्यक्तीची, प्रत्येक उपकरणापुढे स्वतंत्र सही घ्यावी. यादीच्या शेवटी एकच सही घेण्याची पद्धत सोयीची आहे, आणि तोच तिचा दोष आहे.

अडगळीच्या खोलीतील पाठ

व्याख्यानापेक्षा प्रत्यक्ष पाहणीतून हा विषय लवकर उमगतो. सेवकांच्या जोड्या कराव्यात, आणि प्रत्येक जोडीत एक कचेरीतील आणि एक प्रयोगशाळेतील माणूस असावा. शिक्षकाने खोली आधी स्वतः पाहून घ्यावी. जोडीने दाराशी उभे राहून, कशालाही हात न लावता, दिसेल ती प्रत्येक वस्तू नोंदवहीतील ओळीशी जुळवावयाची. कारकुनाला ओळ सापडते पण वस्तू ओळखता येत नाही. साहाय्यकाला वस्तू ओळखता येते पण ती कोणत्या वर्षी आली हे सांगता येत नाही. दोघे मिळून बहुतेक वस्तूंचा उलगडा करतात. काही ओळींना वस्तू सापडत नाही, आणि त्या कोठे गेल्या हा वेगळाच प्रश्न निर्माण होतो.

काही वस्तूंना ओळ सापडत नाही. अशी वस्तू आढळली म्हणजे जोडीने पुढे न जाता मागे यावयाचे, दार लावून घ्यावयाचे, एकाने दाराशी थांबावयाचे आणि दुसऱ्याने विभागप्रमुखांना बोलावून आणावयाचे. वस्तू उघडून पाहावयाची नाही, दुसऱ्या खोलीत हलवावयाची नाही. ती काय आहे याचा लेखी खुलासा मिळेपर्यंत खोलीची किल्ली प्राचार्यांच्या टेबलात राहील आणि त्या खोलीतील एकही वस्तू लिलावाच्या यादीत जाणार नाही.